बर्फाच्या गावात एसी बिघडतो तेव्हा

मिनेसोटातल्या रॉचेस्टरमधलं आमचं घर आम्ही फेब्रुवारीत घेतलं. अंगणात गुडघाभर बर्फ होता. घराची तपासणी करायला आलेल्या माणसाने जाडजूड अहवाल दिला. छपरापासून नळाच्या वॉशरपर्यंत सगळं त्यात होतं, आणि एसीपुढे मात्र एकच ओळ: 'बाहेरचं तापमान कमी असल्याने चालवून पाहिला नाही.' मी मूळची नागपूरची. आईला फोनवर हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, बर्फात राहता ना तुम्ही? मग एसी हवाच कशाला?" त्या एका ओळीचे जूनमध्ये मला २८८ डॉलर पडले. तेही थोडक्यात निभावलं म्हणायचं, कारण मला सांगितलेला पहिला आकडा ४,६०० चा होता. तो किस्सा पुढे येईलच.

गेल्या काही वर्षांत घरच्या एसीवर मी जे पैसे घालवले आणि जे वाचवले, त्यावरून हे लिहितेय. मेकॅनिक मी नाही. पण थंड गावात नव्याने घर घेतलेल्या ओळखीतल्या मराठी मंडळींचा दर जूनमध्ये एकच फोन येतो, "एसी चालत नाहीये गं, किती सांगतील?"

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. इथे जुलैतलं सरासरी कमाल तापमान २७-२८ अंश सेल्सिअस. नागपूरकराला हसू येईल, मलाही आलं होतं. पण आमच्या गावाच्या चारही बाजूंना मका आहे. इतका, की गावातली एक पाण्याची टाकीच कणसाच्या आकाराची आहे, १९३१ साली बांधलेली. जुलै-ऑगस्टमध्ये एवढा मका पानांतून पाणी सोडतो आणि हवा ओल्या फडक्यासारखी होते. इथले लोक त्याला मक्याचा घामच म्हणतात. अशा हवेत आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर काही कामाचा नाही. त्याला कोरडी हवा लागते. इथे अंगाची चिकचिक घालवायची आहे आणि बेसमेंटला बुरशी लागू द्यायची नाही, त्यासाठी एसी.

आपल्याकडे दीड टनाचा एसी एका खोलीला लावतात. इथे अडीच-तीन टनांचा एकच एसी अख्ख्या घराला असतो आणि त्याचे दोन तुकडे असतात. एक बाहेर सिमेंटच्या चौथऱ्यावर, पंखा आणि गार करणारा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर असलेला. दुसरा बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीच्या, डोक्यावर बसवलेली गार कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं. हवा ढकलायचं काम फर्नेसचाच पंखा करतो. म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवणारं आणि उन्हाळ्यात गार करणारं यंत्र अर्धं एकच आहे. थंड गावातल्या निम्म्या बिघाडांची गोम इथेच आहे.

दुसरी गोम म्हणजे हा एसी वर्षातले आठ-नऊ महिने झोपलेला असतो. २०१९ च्या जानेवारीअखेर इथे पारा उणे तीस फॅरनहाइटच्या आसपास गेला होता, तेव्हाही बाहेरचं युनिट तिथेच उभं होतं. चालून चालून झिजण्यापेक्षा पडून राहून तो जास्त बिघडतो. आत उंदीर घरटं करतात आणि वायरीची कव्हरं कुरतडतात. किडे कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटला वीज जोडणाऱ्या खटक्याच्या, फटीत जाऊन बसतात. जमीन गोठून फुगते, मग विरघळून खचते, आणि चौथरा एका बाजूला कलतो. छपराच्या कडेवरून बर्फाचे लांब सुळके पडून पत्र्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात. हे सगळं मेअखेरच्या पहिल्या चिकट दुपारी एकदम लक्षात येतं, आणि त्याच दुपारी ते गावातल्या हजार घरांच्या लक्षात येतं. मेकॅनिकची पुढची तारीख सहा दिवसांनंतरची मिळते, आणि उद्याच हवा असेल तर जादा आकार.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. बाहेर ६५ फॅरनहाइट, म्हणजे अठरा-एकोणीस सेल्सिअस झालं की मेच्या मध्यावर एखाद्या दुपारी एसी मुद्दाम अर्धा तास चालवून बघा. साठच्या खाली चालवू नका. गारठ्यात आतलं तेल घट्ट असतं आणि गॅस द्रवरूपात कॉम्प्रेसरमध्ये शिरू शकतो. बाहेरच्या युनिटचा ब्रेकर हिवाळाभर बंद ठेवला असेल तर तो आदल्या दिवशीच चालू करा. काही कॉम्प्रेसरच्या बुडाला गरम पट्टी असते, तिला तेल कोमट करायला वेळ लागतो.

चालू केल्यावर लगेच बाहेर धावत जाऊ नका. बरेच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायच्या भिंतीवरच्या पेट्या, बंद-चालू केल्यानंतर पाच मिनिटं मुद्दाम थांबतात. या पाच मिनिटांत घाबरून मेकॅनिकला फोन लावणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतली एक मीच.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्या. माझ्याकडे गुलाबजामचा पाक बघायला आणलेला आहे, तोच वापरते. हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी एकदा मोजा आणि फर्नेसच्या सगळ्यांत जवळच्या, गार हवा सोडणाऱ्या झडपेपाशी एकदा. फरक १५ ते २० फॅरनहाइट आला तर यंत्र ठीक आहे. आठ-दहाच आला तर काहीतरी अडलंय. हा आकडा लिहून ठेवा, मेकॅनिकशी बोलताना तो फार उपयोगी पडतो.

फोन लावण्याआधी काय बघायचं

मेकॅनिक दारात येऊन बिघाड बघतो, एवढ्याचेच आमच्या गावात ९० ते १५० डॉलर होतात. शनिवार-रविवारी किंवा संध्याकाळी त्याच्या दीडपट-दुप्पट. म्हणून तो येऊन जे पहिल्या दहा मिनिटांत बघणार, ते आधी आपणच बघून घ्यावं.

थर्मोस्टॅटचे सेल बदला. मग ब्रेकर बघा, आणि इथे लक्ष द्या, ब्रेकर दोन असतात. फर्नेसचा वेगळा आणि बाहेरच्या युनिटचा दुहेरी, २४० व्होल्टचा. घरात वारा येतोय पण गार नाही, असं असेल तर बहुधा दुसरा पडलेला असतो. तो एकदा पूर्ण बंद करून चालू करा. पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा हात लावू नका, मग मेकॅनिकच. फर्नेसजवळ भिंतीवर किंवा छताच्या तुळईवर दिव्याच्या बटणासारखं दिसणारं एक बटण असतं. ते दिव्याचं नसतं, फर्नेसचं असतं. आमच्याकडे पाहुण्यांच्या मुलाने ते बंद केलं आणि आम्ही दोन तास घामाघूम झालो.

बाहेर भिंतीवर, युनिटजवळ एक छोटी करडी पेटी दिसली तर ती कशाची आहे ते वीज कंपनीला विचारा. इथल्या बऱ्याच वीज कंपन्या बिलात सवलत देतात आणि बदल्यात भर उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की तुमचा कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू, असा फिरवतात. आतला पंखा चालूच राहतो. घर घेताना आधीच्या मालकाने ही योजना घेतलेली असते आणि नव्या मालकाला पत्ताच नसतो. वर्षातल्या सगळ्यांत गरम दुपारी एसी अर्धवट चालतो, मेकॅनिक येईपर्यंत सात वाजतात, तोवर कंपनीने कॉम्प्रेसर मोकळा सोडलेला असतो. मेकॅनिक म्हणतो, "ठीकच आहे की." आणि बिल देतो.

फिल्टर. हिवाळाभर फर्नेस चालल्यावर मेमध्ये फिल्टर कसा दिसतो ते एकदा डोळ्यांनी बघाच. आमचा तर फोडण्यांमुळे पिवळट आणि जरा तेलकट झालेला असतो. फिल्टर तुंबला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल गोठते आणि तिच्यावर खरोखरचा बर्फ धरतो. तांब्याच्या जाड पाइपवर पांढरा बर्फ दिसला तर कूलिंग बंद करा, फक्त पंखा चालू ठेवा आणि तीन-चार तास, वेळ पडली तर रात्रभर थांबा. गोठलेल्या कॉइलवर मेकॅनिक बोलावलात तर तोही हेच करून दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार, आणि दोन फेऱ्यांचे पैसे लागणार. अॅलर्जीसाठी म्हणून फार दाट जाळीचा, महागडा फिल्टर घालायचा मोह होतो. जुन्या फर्नेसला तो झेपत नाही. मी साधाच घालते आणि दोन महिन्यांनी बदलते.

आता ज्याबद्दल कुणीच सांगत नाही ते. थंड प्रदेशातल्या घरांत फर्नेसला बहुतेक वेळा हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर जोडलेला असतो, कारण हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. त्या ह्युमिडिफायरला एक गोल पाइप असतो आणि पाइपवर एक छोटी मूठ. मुठीच्या एका बाजूला 'विंटर' आणि दुसऱ्या बाजूला 'समर' लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात ती 'समर'वर न्यायची, म्हणजे पाइप आतून बंद होतो. नेली नाही तर गार झालेली हवा खोल्यांत जायच्या ऐवजी या पाइपातून गोल फिरत परत फर्नेसमध्ये जाते. घर गार होत नाही आणि कॉइल गोठते. तिसऱ्या उन्हाळ्यात आमचं नेमकं हेच झालं. मेकॅनिक आला, त्याने फर्नेसभोवती एक चक्कर मारली, बोटभर मूठ फिरवली, माझ्याकडे बघून हसला आणि ११९ डॉलरचं बिल दिलं. मी ती मूठ पहिल्या दिवसापासून बघत होते. मला वाटायचं, शोभेची असेल.

बाहेरचं युनिट. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथे कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतो. आपल्याकडे रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना, तशाच, फक्त लाखोंनी. युनिट हवा आत ओढतं आणि या म्हाताऱ्या त्याच्या पट्ट्यांवर घोंगडीसारख्या चिकटतात. आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि बंद पडतो. युनिटशेजारच्या भिंतीवरची पेटी उघडून आतला खटका ओढून काढा म्हणजे वीज तुटते. कापूस वरवर मऊ ब्रशने झटका आणि मग बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. गाडी धुवायचं जोराच्या धारेचं यंत्र अजिबात नको, पट्ट्या पार झोपतात. शेजारच्या काकांनी ते केलं आणि पट्ट्या विंचरून सरळ करायला पैसे मोजले. त्या कामासाठी खरंच एक कंगवा मिळतो.

बेसमेंटमध्ये फर्नेसखाली पाणी साचलं असेल तर बहुतेक वेळा फक्त निचऱ्याची नळी तुंबलेली असते. ओल्या-सुक्या व्हॅक्यूमने बाहेरच्या टोकाकडून ओढली की सुटते. काही ठिकाणी पाणी वर चढलं की एसी आपोआप बंद करणारा तरंगता खटका असतो, तो बिघाड नाही.

फोनवर काय बोलायचं

आता ४,६०० चा किस्सा. पहिला उन्हाळा. बाहेरचं युनिट 'घूं' करत होतं पण पंखा फिरत नव्हता. माझ्या मामांचं नागपुरात इतवारीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ लावला, फोन युनिटजवळ धरला. मामा दोन सेकंद ऐकून म्हणाले, "अगं, कंडेन्सर गेला त्याचा. दोनशे रुपयांचं काम आहे. बदलून घे."

मी तडक इथल्या एका कंपनीला फोन केला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "माझा कंडेन्सर गेलाय, बदलायचा आहे." दुसऱ्या दिवशी चकचकीत शर्टातला एक गृहस्थ आला. हातात पाना नव्हता, टॅब्लेट होता. त्याने युनिटची पाटी वाचली, चौथऱ्याची लांबी-रुंदी घेतली आणि सांगितलं, ४,६०० डॉलर, हप्त्यानेही चालेल. दोनशे रुपयांचे ४,६०० डॉलर कसे झाले, मला कळेना.

झालं असं होतं की आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात त्या, मोटारीला सुरू व्हायला धक्का देणाऱ्या छोट्या डब्याला इथे कपॅसिटर म्हणतात. आणि इथे कंडेन्सर म्हणजे बाहेरचं अख्खं युनिट. मीच फोन करून नवं युनिट मागवलं होतं. गृहस्थाने दिलेला आकडा त्याच्या हिशेबाने बरोबर होता. पण त्याने झाकण उघडून आत पाहिलंही नाही, हे मला अजून बोचतं.

मग एका ओळखीच्या बाईंनी एकट्यानेच काम करणारा एक वयस्कर मेकॅनिक सुचवला. त्याने वीज तोडली, बाजूचं झाकण काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. शेंगदाण्याच्या डब्याएवढा एक चंदेरी डबा होता. त्याचा वरचा पत्रा सपाट असायला हवा, तो पुरीसारखा फुगलेला होता. अंगावर लिहिलं होतं ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड, म्हणजे डब्याच्या वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप. त्याने इन्सुलेट केलेल्या हत्याराने आधी त्यातली साठलेली वीज उतरवली, मग मीटर लावला. ४५ च्या जागी ११. नवा डबा लावला, पंखा फिरला. फेरीचे ९९, डबा आणि मजुरी १८९, मिळून २८८.

म्हणून फोनवर भागाचं नाव घेऊच नका. लक्षण सांगा. 'बाहेरचं युनिट घूं करतं, पंखा फिरत नाही.' 'घरात वारा येतो, गार नाही, बाहेर सगळं गप्प आहे.' 'फरक नऊ अंश येतोय.' आणि तिथल्या तिथे तीन गोष्टी विचारा. फेरीचे किती, दुरुस्ती केली तर फेरीचे पैसे त्यात वळते होतात का, आणि येणारा माणूस दुरुस्ती करणारा आहे की विकणारा. तिसरा प्रश्न जरा गोड आवाजात.

तो कपॅसिटर ऑनलाइन वीस-पंचवीस डॉलरला मिळतो. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे घरीच बदलतात. मी करत नाही आणि करा असं सांगणारही नाही. खटका काढल्यावरही त्या डब्यात वीज साठून राहते, आणि ती माणसाला आडवं करू शकते.

खर्चाचे आकडे

हे आमच्या गावातले, गेल्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः मोजलेले किंवा ओळखीच्यांच्या बिलांत पाहिलेले आकडे आहेत. मोठ्या शहरात जास्त पडतील.

कपॅसिटर १५० ते ४००. कॉन्टॅक्टर, म्हणजे तो किडे शिरणारा खटका, साधारण तेवढाच. हे दोन्ही भाग मुळात वीस-तीस डॉलरचे आहेत आणि बिल पाहून पोटात गोळा येतो. पण इथल्या कंपन्या भाग अधिक तास असं बिल करत नाहीत, त्यांच्याकडे प्रत्येक कामाचा ठरलेला दर असतो. त्या दरात गाडी, विमा, पगार आणि पुन्हा यावं लागलं तर त्याची जोखीम, हे सगळं धरलेलं असतं. त्यामुळे भागाच्या किमतीवरून मी वाद घालत नाही. मी फक्त दोन गोष्टी मागते. मीटरवरचा आकडा मला दाखवा, आणि काढलेला जुना भाग माझ्याकडे द्या. एवढं म्हटलं तरी माणूस जपून बोलतो.

बाहेरच्या पंख्याची मोटार ४०० ते ७००. त्याबरोबर नवा कपॅसिटर घालणं रास्त आहे, त्याचे पैसे वेगळे लावू नका म्हणावं. उंदराने कुरतडलेली वायर जोडून देणं फेरीच्या पैशात किंवा थोड्या जास्तीत होतं. आतली कॉइल बदलायची तर दीड ते तीन हजार. कॉम्प्रेसर त्याच घरातला, कधी त्याहून वर.

आणि गॅस. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या डोक्यात 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' हे घट्ट बसलंय. पुण्या-नागपुरात उन्हाळा आला की स्कूटरवर सिलिंडर घेऊन माणूस येतो, गॅस भरतो, चहा पिऊन जातो. पण एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून तो फक्त फिरत राहतो, संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरून घेतला तर पुढच्या उन्हाळ्यात तेच बिल पुन्हा. इथे गॅसला हात लावायलाही केंद्रीय पर्यावरण खात्याचा परवाना लागतो, आणि हवेत सोडून देणं बेकायदा आहे. गॅस पौंडावर विकला जातो आणि पौंडाला ५० ते १०० डॉलर सहज लागतात. म्हणून बिलावर किती पौंड, किती औंस भरला ते लिहून घ्या. युनिटच्या पाटीवर कंपनीने मुळात किती भरला होता ते छापलेलं असतं. सहा पौंडांच्या यंत्रात कुणी सात पौंड भरल्याचं बिल देत असेल तर निदान विचारायला तरी यायला हवं.

गळती बहुतेक वेळा आतल्या कॉइलमध्ये सापडते. तांब्याला अतिसूक्ष्म बोगदे पडतात. त्या गंजाचं इंग्रजी नाव मुंग्यांच्या वारुळावरून आलंय आणि ते अगदी चपखल आहे. व्हिनेगर, साफसफाईची द्रव्यं, नव्या फर्निचरचा डिंक यांच्या वाफांतलं आम्ल तांबं पोखरतं. थंडीमुळे आमची घरं हवाबंद बांधलेली असतात, त्यामुळे या वाफा घरातच घुटमळतात. गळती शोधण्याचे वेगळे १५० ते ४०० लागतात. ते द्यावेत, असं माझं मत आहे.

पाटीवर गॅसचं नावही असतं. आर-२२ असेल तर जुन्या यंत्राला नमस्कार करायची वेळ जवळ आली. २०२० पासून अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात बंद आहे, उरलेला आणि जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला तेवढाच मिळतो, तोही महाग. आर-४१०ए असेल तर घाबरू नका. १ जानेवारी २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांत तो घालता येत नाही, त्यांच्यात आर-४५४बी किंवा आर-३२ असतो. पण जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आर-४१०ए आणि त्याचे भाग मिळतात. 'हा गॅस आता बंद झाला, नवंच घ्यावं लागेल' असं गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन मैत्रिणींना सांगण्यात आलं. दोघींचे एसी साध्या दुरुस्तीने अजून चालू आहेत. एवढं मात्र खरं की नव्या गॅसचं बाहेरचं युनिट जुन्या आतल्या कॉइलला जोडता येत नाही. बदलायचं तर जोडीनेच.

दुरुस्त करायचं की बदलायचं

धंद्यात एक ठोकताळा सांगतात. यंत्राचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च ५,००० च्या वर गेला तर नवं घ्या. बारा वर्षांचं यंत्र आणि ५०० डॉलरची मोटार म्हणजे सहा हजार, म्हणून बदला. मला हा हिशेब आमच्या गावासाठी पटत नाही. टेक्सासमधला एसी वर्षातले आठ-नऊ महिने पळतो, आमचा जेमतेम तीन. बारा वर्षांचा आमचा एसी तिथल्या चार-पाच वर्षांच्या एसीइतकाच चाललेला असतो. इथे वीस वर्षं टिकलेली यंत्रं रस्त्यारस्त्यावर आहेत. त्यामुळे कपॅसिटर, कॉन्टॅक्टर, पंख्याची मोटार या तीन गोष्टी वय न बघता दुरुस्त कराव्यात. कॉइल किंवा कॉम्प्रेसर गेला आणि वॉरंटी संपलेली असेल तरच नव्याचा विचार.

वॉरंटीचंही बघा. बऱ्याच कंपन्या भागांची दहा वर्षांची वॉरंटी देतात, पण यंत्र बसवल्यावर साठ-नव्वद दिवसांत नोंदणी केली असेल तरच, नाहीतर पाच. मजुरी त्यात धरलेली नसते. घर विकत घेतलं असेल तर ती आपल्या नावावर होते का ते पाटीवरचा अनुक्रमांक घेऊन कंपनीला विचारा. अनुक्रमांकाच्या आकड्यांतच बऱ्याचदा यंत्र कोणत्या साली, कोणत्या आठवड्यात बनलं ते दडलेलं असतं.

नवं घ्यायचंच झालं तर साधा एसी पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान बसतो. हीट पंपचा दरही मागा. तो उन्हाळ्यात एसीचं काम करतो, वसंतात आणि शरदात घर गरम ठेवतो आणि कडाक्याच्या थंडीत इंधनाच्या गॅसवर चालणारी फर्नेस काम हातात घेते. केंद्र सरकारची करसवलत २०२५ अखेर संपली, तिचे आकडे छापलेलं जुनं पत्रक कुणी पुढे केलं तर हिशेब पुन्हा मांडायला सांगा. स्थानिक वीज कंपनीची सवलत वेगळी असते, ती आधी विचारा, कारण काही वेळा अर्ज यंत्राच्या प्रकारावर अडतो. हजाराच्या वरच्या कुठल्याही आकड्याला दुसऱ्याचा आकडा घेतल्याशिवाय हो म्हणू नका. आणि शक्य असेल तर हे काम एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये उरका. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घासाघीस कुणी ऐकून घेत नाही.

घर अजून घ्यायचं असेल आणि तेही हिवाळ्यात, तर मी केली नाही ती गोष्ट करा. मागच्या उन्हाळ्यातलं एसीचं बिल विकणाऱ्याकडून मागा. नसेल तर 'मेमध्ये चालवून पाहू, बिघडलेला निघाला तर इतके डॉलर तुम्ही भरायचे' अशी अट आपल्या एजंटला करारात घालता येते का विचारा. आमच्या एजंटला मी सहा महिन्यांनी विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही तेव्हा विचारलंच नाहीत."

ऑक्टोबरात

पानगळ संपली की बाहेरच्या युनिटच्या आतली पानं काढा. डोक्यावर प्लायवूडचा एक तुकडा ठेवा आणि त्यावर दगड. संपूर्ण युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत ओल धरते, आणि उंदरांना तर आपण होऊन खोली बांधून दिल्यासारखं होतं. छपराच्या कडेखाली असेल तर प्लायवूड जरा जाड घ्या. चौथरा कलला असेल तर बर्फ पडायच्या आत पातळीत आणून घ्या. तांब्याच्या नळ्यांवर ताण आला की गळती तिथूनच सुरू होते.

आमच्या फर्नेसच्या पत्र्यावर मी मार्करने लिहून ठेवते. मेकॅनिकलाही ते बरं पडतं, आल्या आल्या आधी तो तेच वाचतो. या वर्षीच्या ओळी अशा आहेत: मे १८, सेल बदलले, फिल्टर नवा, फरक १८. जून ११, कापूस धुतला. आणि त्याखाली लाल शाईत, मूठ 'समर'.